काटा अर्ध्यावर होता

माझ्या बायकोची समजूत आहे की टाक्यांमधला डिझेलचा वास डोक्यात जाऊन जाऊन मी अबोल झालो. मी ती समजूत तशीच राहू दिली आहे. तिला नाही, पोरीला नाही, सख्ख्या भावाला नाही — देवळात गाऱ्हाणं घालतानासुद्धा हे मी ओठांवर आणलेलं नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं.

महाडला माझं गॅरेज आहे. लोक मला टाकीवाला दत्ता म्हणतात. सावित्रीचं पाणी गावात शिरलं त्या वर्षी महाडातली निम्मी वाहनं बुडाली होती. टाक्यांमध्ये डिझेलखाली पाणी, पाण्याखाली गाळ. पुढचे तीन-चार महिने मी दुसरं काम केलं नाही. टाकी उतरवायची, धुवायची, वाळवायची, चढवायची. इतक्या टाक्या हाताखालून गेल्या की नुसतं बोटाच्या पेराने वाजवून आत किती आहे ते मला कळायला लागलं. भरलेली टाकी मुकी बोलते, रिकामी खणखणते, आणि आवाज जिथे बदलतो तिथे डिझेलची पातळी. मी वाजवून आकडा सांगायचो, मग मोजून दाखवायचो, आणि लोक बघायला उभे राहायचे. मला ते आवडायचं. हे आधीच सांगून ठेवतो — मला ते फार आवडायचं.

आता थोडं काट्याबद्दल. म्हणजे पुढचं तुम्हाला नीट कळेल. (की मी वेळ काढतोय? काढत असेनही.) लोकांना वाटतं समोरचा काटा डिझेल बघतो. काटा काहीही बघत नाही. टाकीच्या आत एक पोकळ डबी असते, ती डिझेलवर तरंगते. डबीला तारेचा दांडा. डिझेल वर आलं की डबी वर, खाली गेलं की खाली. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला एक पत्ती असते, ती घासत सरकते, त्यावर करंट कमीजास्त होतो आणि त्याप्रमाणे काटा हलतो. म्हणजे डबी कुठे आहे, एवढंच काटा सांगतो. डिझेल कुठे आहे ते नाही. डबी जर मधेच कुठे अडकली, तर खालून सगळं डिझेल निघून गेलं तरी काटा तिथेच बसून राहणार, शांतपणे.

आणि टाकीत अडकायला जागा असते. घाटात, वळणावर डिझेल डचमळू नये म्हणून टाकीच्या आत पत्र्याचे पडदे असतात. आमच्या जीपच्या टाकीतला पडदा अर्ध्या उंचीचा होता.

आमची जीप — म्हणजे माझी नव्हे. वाडीची. माझी वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात आहे. पंचवीस-तीस घरं, त्यांतल्या निम्म्यांना कुलूप, माणसं मुंबईला. तळीयेवर दरड आली त्या पावसानंतर आमच्या मुंबईकरांना धास्ती बसली. वाडीवर काही झालं तर माणूस खाली आणायचा कसा? रुग्णवाहिका बोलावली तर ती खालून वर चढून येईपर्यंत आपण निम्म्या वाटेत पोचतो. म्हणून त्यांच्या मुंबईच्या मंडळाने एक जुनी डिझेल जीप घेतली आणि वाडीला दिली. नियम एकच केला. काटा अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. ज्याने जीप नेली त्याने जेवढं वापरलं तेवढं पोलादपूरला भरून आणायचं. अडल्या वेळेला कुणाला पंपावर थांबायला लागू नये. मंडळाच्या बैठकीत एरवी चहात साखर किती यावरही एकमत होत नाही. हा नियम एका मिनिटात मंजूर झाला, आणि नंतरही सगळ्यांनी पाळला.

पाळला, कारण चावी भागीकाकीकडे होती. भागीकाकी माझी चुलत काकी. तिचं घर रस्त्याला लागून. तिला जीप चालवता येत नव्हती, पण काटा वाचता यायचा. जीप दारात थांबली की ती चुलीवरचं तसंच टाकून बाहेर यायची, पुढच्या सीटवर चढून बसायची, चावी एकदाच फिरवायची आणि काटा सावकाश वर येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायची. अर्ध्यावर आला की चावी काढून घरातल्या खिळ्याला. नाही आला तर? मुंबईहून आलेला तिचा सख्खा पुतण्या एकदा चांगला पाहुण्यासारखा हात-पाय धुऊन पाटावर बसला होता. त्याला तिने उठवलं. "पयला खाली जा, भरून आण, मंग जेवाय बस." तो गेला. आमच्याकडे तिला कुणी उलट बोलत नसे.

जीप बहुतेक वेळा चालवायचा तो तिचा मुलगा नामा. तिशीतला, शांत. घरची भातशेती करून कुणाला दवाखान्यात, कुणाला तहसीलीत नेऊन आणायचा. गाडीतलं काही अडलं की मला फोन. दादा, असा आवाज येतोय. दादा, धूर जास्त वाटतो. मी सांगायचो आणि तो करायचा. अगदी मी सांगेन तसं, एक स्क्रू जास्त नाही की कमी नाही. हे लक्षात ठेवा.

शिमग्याच्या तोंडावर जीपचा काटा मेला. टाकी भरली तरी शून्यच दाखवायचा. भागीकाकीने जीप लगेच माझ्याकडे पाठवली. वाडीच्या जीपचं काम मी फुकट करायचो, तेवढं तरी खरं आहे. टाकी उतरवली. डबी पितळेची होती, तिला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. आत डिझेल शिरून ती बुडाली होती. नवीन महाडात मिळेना. पुण्याहून मागवली असती तर चार दिवस लागले असते. मी डबी रिकामी केली, कथील वितळवून भोकाला डाख दिला. डाखामुळे डबी जराशी जड झाली, म्हणून काटा जरासा कमी दाखवायला लागला. मग मी दांडा पक्कडीने किंचित वाकवला. हातात धरून वर-खाली केला — काटा शून्यापासून भरलेल्यापर्यंत सुरेख फिरला. टाकीत बसवलं, टाकी काठोकाठ भरली, काटा काठोकाठ. झालं, म्हणालो.

झालं नव्हतं. दांडा वाकवला की टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर ओतत जायचं असतं आणि दर वेळी काटा कुठे येतो ते बघायचं असतं. हातात धरलेल्या दांड्याला काही आड येत नाही, टाकीत येतं. तासाभराचं काम. मी माझ्याकडच्या प्रत्येक कामगाराला ते घोकून घेतलंय. मग मी का नाही केलं? घाई होती का? नव्हती. वाडीवर पालखी नाचवायला जायचं होतं, पण ते तासाभराने गेलो असतो तरी चाललं असतं. मी केलं नाही, कारण मी टाकीवाला दत्ता होतो आणि टाकीवाल्या दत्ताला पुन्हा बघायची गरज वाटली नाही.

टाकीच्या आत काय झालं ते आता तुम्हीच सांगू शकाल. भरलेल्यापासून अर्ध्यापर्यंत काटा बरोबर उतरायचा. अर्ध्यावर आला की माझा वाकलेला दांडा पडद्याच्या काठावर टेकायचा. डिझेल खाली जात राहायचं, डबी वरच लटकलेली. काटा अर्ध्यावर.

आणि आमचा नियमच अर्ध्याचा! नेताना काकी बघायची — अर्ध्यावर. आणताना बघायची — अर्ध्यावर. मग भरायचं कशाला? माणसं पोलादपूरला जाऊन यायची, महाडला जाऊन यायची, काटा हलायचा नाही. दुसऱ्या कुठल्या गावात कुणीतरी बेफिकिरीने काटा खाली नेला असता, शून्याकडे सरकतोय का ते बघितलं असतं आणि चूक महिन्याभरात कळली असती. आमच्या वाडीने नियम इतका इमानाने पाळला की ती कुणालाच कळली नाही.

मला कळली.

मे महिन्यात वाडीवर गेलो होतो. भागीकाकीने फणसाचे गरे पुढे ठेवले आणि चार बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दत्त्याचा हात लागला नि जीपची भूकच मेली गो. आता लय कमी पिते." सगळ्या हसल्या. मी पण हसलो. पण हातातला गरा तोंडाजवळ नेता नेता थांबला. काटा दुरुस्त करून गाडी कमी पीत नाही. कुठलीही गाडी, जगात कुठेही. काट्याचा आणि इंजिनाच्या भुकेचा काही संबंध नाही. हे मला त्या क्षणी कळलं, आणि तरी मी म्हणालो, "जरा पंपाची सेटिंग पण केली होती काकी."

का म्हणालो? कुणी विचारलंही नव्हतं.

गरे संपवून मी जीपच्या मागे गेलो. कुणी बघत नाही असं बघून टाकी वाजवली. वरपासून खालपर्यंत खणखण. तळाशी चार बोटं ओल असेल. पुढे येऊन चावी फिरवली — काटा अर्ध्यावर. दुसऱ्या दिवशी ऑइल बघायच्या निमित्ताने मी वीस लिटरचा कॅन घेऊन परत आलो आणि गुपचूप ओतला. काटा हलला नाही.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच सांगायचं. बरोबर आहे. टाकी उतरवून दांडा सरळ करायला मला दोन तास पुरले असते. पण मग काकीला सांगायला लागलं असतं की तीन महिने तुम्ही ज्याला अर्धं समजत होतात तो पडद्याचा काठ होता. आणि ती हे सगळ्या वाडीला सांगणार, ती काही पोटात ठेवणाऱ्यातली नव्हती. म्हणून मी ठरवलं की पावसात नको, गणपती झाले की जीप सर्व्हिसिंगला म्हणून महाडला नेऊ आणि गुपचूप नीट करू, तोवर अधूनमधून असाच एखादा कॅन ओतत राहू. गणपतीला मुंबईकर आले. आरतीनंतर मंडळाने सगळ्यांसमोर मला शाल आणि नारळ दिला — वाडीची जीप निगुतीने ठेवल्याबद्दल. भागीकाकी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मी शाल घेतली. तुम्ही घेतली नसतीत का? — नाही, हा प्रश्न राहू द्या. मी घेतली.

मुंबईकरांनी हिंडायला जीप वापरली, जाताना टाकी फुल्ल करून गेले. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता नवरात्र होऊन जाऊ दे.

भातकापणीचे दिवस. सकाळी साडेदहाचा सुमार. मी एका टेम्पोखाली होतो, हात कोपरापर्यंत ग्रीसने भरलेले. शेजारचा टायरवाला आणि दोन गिऱ्हाइकं बाकावर चहा पीत होती. फोन वाजला, नामाचं नाव दिसलं. हात खराब, म्हणून मी कोपराने फोन स्पीकरवर टाकला.

"दादा, आयला घोणस चावली. भाताची कडपं उचलत व्हती, हाताला चावली. जीपने निघालो, खिंडीत बंद पडली."

वाडीपासून रस्ता आधी नदीपर्यंत उतरतो, मग खिंडीपर्यंत चढतो आणि खिंडीपलीकडे थेट पोलादपूरपर्यंत उतार. जीप खिंडीच्या अलीकडच्या शेवटच्या चढावर होती. फोनला रेंज तिथेच येते.

मी पहिला प्रश्न कोणता विचारला असेल? काकी शुद्धीवर आहे का, कुणी बरोबर आहे का, हे नाही. मी विचारलं, "काटा कुठाय?"

"अर्ध्यावर हाय. आयनेच बघितला निघताना. डिझेल हाय दादा. काय झालं असेल?"

मला माहीत होतं काय झालं असेल. तळाशी उरलेलं दोन-चार लिटर चढावर मागे गेलं होतं, पाइपाचं तोंड उघडं पडलं होतं, इंजिन हवा पीत होतं. हे मला त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत माहीत होतं. त्या चढाच्या खाली दहा मिनिटांवर एक घर आहे, त्यांच्याकडे पॉवर टिलर आहे, कापणीच्या दिवसांत त्यांच्या पडवीत डिझेलचा कॅन असतोच. हेही मला माहीत होतं. मला फक्त म्हणायचं होतं — टाकी वाजवून बघ. तीन शब्द. कुणाला तरी पळव, पाच लिटर आण. त्याने मी सांगितलं तसं केलं असतं. तो नेहमीच करायचा.

बाकावरची तिघं चहाचे ग्लास हातात धरून माझ्याकडे बघत होती. टाकीवाला दत्ता आता काय सांगतो.

मी म्हणालो, "एअर धरली असेल. फिल्टरवरचा स्क्रू ढिला कर आणि हातपंप मार."

तो फोन तसाच चालू ठेवून गेला. पाइपात शिरलेली हवा काढायला फिल्टरवर अंगठ्याने दाबायचा छोटा पंप असतो, त्याचा आवाज येत होता. मागे बायका काहीतरी बोलत होत्या, एक लहानसा कण्हण्याचा आवाज. मग त्याचा श्वास फुललेला आवाज.

"दादा, नुसता फेस येतो. डिझेल येत नाय."

फेसच येणार. टाकीत असेल तर येईल ना डिझेल! माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि ग्रीसच्या हातांनी पुसता येत नव्हता. इथे तरी. इथे तरी सांगायचं होतं. अजून फार उशीर झाला नव्हता.

मी म्हणालो, "मारत राहा. येईल."

हेच ते. हेच मी कुणाला सांगितलेलं नाही. मारत राहा, असं मी म्हणालो.

मग मी काय केलं तेही ऐका, म्हणजे मी घाबरून भांबावलो होतो असं तुम्हाला वाटायला नको. हात पुसले, दुकानाच्या मागे गेलो, पाच लिटरचा कॅन भरला, पोत्यात गुंडाळला, मोटरसायकलला बांधला. पोत्यात का गुंडाळला? कुणी बघू नये म्हणून. एवढं सगळं सुचत होतं मला. महाड ते पोलादपूर आणि वर घाट, मी जेवढी पळवता येईल तेवढी पळवली. वाटेत नामाला फोन करता आला असता. थांबून, एकट्याने, कुणी ऐकत नसताना. नाही केला.

घाटाच्या पायथ्याशी रस्त्यात माणसं दिसली. वाडीवरच्या चौघांनी घोंगडी बांबूला बांधून काकीला खिंडीतून खाली आणलं होतं आणि पोलादपूरकडे निघालेला एक पिकअप थांबवून तिला मागच्या हौद्यात चढवत होते. मी गाडी बाजूला घेतली. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत सुजून काळा-निळा पडला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. तिने मला ओळखलं.

"दत्त्या," ती म्हणाली, "काटा अर्ध्यावर व्हता रे. मी बघितला व्हता."

तिला वाटत होतं चूक तिची झाली की काय. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं की काकी, तू बरोबर बघितलंस. मी म्हणालो, "हो काकी. जा तू." पिकअप निघाला.

वर खिंडीत नामा जीपजवळ एकटाच होता. बॉनेट उघडं, तो वाकून पंप मारत होता. आईबरोबर का नाही गेला? कारण मी सांगितलं होतं, मारत राहा, येईल. जीप चालू झाली की वाटेत त्यांना गाठायचं आणि पुढे वेगाने न्यायचं, असा त्याचा हिशेब होता. अंगठ्याची साल निघाली होती, पंपाच्या बटणावर रक्त होतं. माझ्याकडे बघून तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "तू जा. माझी गाडी घे, आईकडे जा. मी जीप घेऊन येतो." पोतं सोडून खाली ठेवलं, चावी त्याच्या हातात दिली. वाडीवर अजून सांगतात, दत्ताने स्वतःची गाडी दिली. ती माया नव्हती. मला तो तिथून जायला हवा होता.

तो वळणाआड गेल्यावर मी कॅन ओतला. हातपंप वीस-पंचवीसदा मारला. फेस गेला, डिझेल आलं, जीप पहिल्या सेल्फला चालू झाली. रिकामा कॅन मी दरीत फेकला.

पोलादपूरच्या दवाखान्यातून तिला पुढे हलवलं होतं, तिथून मुंबईला नेलं. तिची लघवी बंद झाली. चौथ्या दिवशी ती गेली. तासभर आधी पोचली असती तर वाचली असती का? डॉक्टरांनी तसं म्हटलं नाही, तसं नाही असंही म्हटलं नाही. मी हा प्रश्न स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता तो विचारणं म्हणजे स्वतःला सोडवण्याची खटपट वाटते. तो तास मी घेतला होता. तिच्या उपयोगी पडला असता की नाही, हे ठरवणारा मी कोण?

बाराव्याला वाडी जमली होती. कुणीतरी मला विचारलं, काय झालं होतं रे जीपला? नामा समोर बसला होता, डोकं भादरलेलं, अंगठ्याला पट्टी. मी म्हणालो, "एअर धरली होती. पंप मारायची एक पद्धत असते, तशी नाही मारला तर सुटत नाही." मी नामाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि तो स्वतःच मान हलवून म्हणाला, "मला नाय जमलं." मग तो उठला, घरातून जीपची चावी आणली आणि दुसऱ्याच्या हातात दिली. त्यानंतर त्याने वाडीची जीप चालवलेली नाही.

मी आठवड्याभरात जीप सर्व्हिसिंगला म्हणून महाडला आणली. पुण्याहून डबी-दांड्याचं नवीन युनिट मागवलं. या वेळी टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर ओतत काटा तपासला, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. आता काटा खरं सांगतो. आणि लोक काय म्हणतात माहीत आहे? म्हणतात, जीप आता लय पिते. म्हणतात, त्या दिवशी नाम्याने चढावर उलटसुलट पंप मारून इंजिनाची वाट लावली. माझ्यासमोर म्हणतात. मी चहा पितो.

तीन वर्षं झाली. तरी मी अजून सगळं सांगितलेलं नाही.

काकीचं वर्षश्राद्ध झाल्यावर नामा गॅरेजवर आला. म्हणाला, "दादा, मला एकदा पंप मारायला शिकव. त्या दिवशी नाय जमलं. परत कुणावर येळ आली तर यायला पायजे."

मी काय करणार होतो? नाही म्हणालो असतो तर कारण द्यायला लागलं असतं. माझ्याकडे तसलीच एक जीप उभी होती. मी तिच्या पाइपातलं डिझेल मुद्दाम सोडून दिलं आणि त्याला म्हटलं, काढ एअर. टाकीत डिझेल होतं.

त्याने स्क्रू ढिला केला, जेवढा करायचा तेवढाच. अंगठा पंपावर ठेवला. त्या अंगठ्याच्या नखाची वाढ अजून वेडीवाकडी आहे. पूर्ण दाबायचं, पूर्ण सोडायचं, घाई नाही. फेस आला, बुडबुडे आले, बुडबुडे कमी झाले, मग स्वच्छ डिझेलची धार. दाब धरून ठेवत त्याने स्क्रू आवळला. पहिल्याच फटक्यात. मी एक अक्षर शिकवलं नव्हतं. त्या दिवशी खिंडीत त्याने हेच केलं होतं, अगदी हेच, आई मागच्या सीटवर कण्हत असताना, आणि मग तासभर एकट्याने.

त्याने वर बघितलं. "जमलं?"

गॅरेजात त्या वेळी कुणी नव्हतं. बाक रिकामा होता. फोनवर कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "आता जमलं."

त्याने चिंधीला हात पुसले आणि वाकून माझ्या पायांना लावले. मी पाय मागे घेतले नाहीत.